कुन्य रिव्हार : ग्रंथसूची, धर्मपीठ आणि हरवलेले वाङ्मय

वाङ्मयेतिहासाच्या लेखनात ग्रंथपालाची गणना सामान्यतः साहाय्यकांत होते. त्याने सूची करावी, हस्तलिखित शोधून द्यावे आणि अन्वयार्थ इतरांवर सोपवावा, असा हा अलिखित संकेत आहे. हा संकेत किती अपुरा आहे, हे गोव्यातील ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्या जोआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हार (१८०९–१८७९) यांच्या कार्यावरून ध्यानात येते. कोणता लेख जपण्याजोगा, कोणता छापण्याजोगा, याविषयीचा त्यांचा निर्णय हाच पुढील शतकभराच्या चर्चेचा आधार ठरला.

पोर्तुगालमधील आरायोलुश येथे जन्मलेल्या रिव्हार यांनी कुईंब्र विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. परंतु १८३८ पासून ते एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मठांतील ग्रंथ सार्वजनिक संग्रहांकडे वळले. धर्मसंस्थेची खासगी स्मृती अशा प्रकारे राज्यसंस्थेच्या कपाटांत आली. तिला क्रम देणे हे रिव्हार यांच्या पिढीच्या वाट्याला आलेले काम. एव्होरा येथील हस्तलिखितांच्या त्यांच्या सूचीचा पहिला खंड १८५० मध्ये निघाला. १८५५ मध्ये ते पोर्तुगीज हिंदुस्थानचे मुख्य सचिव म्हणून गोव्यात आले. गोव्यातही १८३५ मध्ये संघ बरखास्त झाले होते. ग्रंथपालाची सवय येथे शासनाधिकाऱ्याच्या हाती आली, इतकेच.

‘आर्किव्हु पोर्तुगेज-ओरिएंताल’ (१८५७–१८७६) ही त्यांची दस्तऐवजमाला या सवयीचे मुख्य फळ होय. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चौथ्या खंडात १५६७ पासून भरलेल्या गोव्याच्या धर्मपरिषदांचे आणि १५९९ च्या उदयंपेरूर येथील धर्मसभेचे निर्णय आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा खंड केवळ धर्मेतिहास म्हणून बाजूस ठेवणे इष्ट नाही. उदयंपेरूरच्या सभेने केरळातील ख्रिस्ती समाजाचे जे सुरियानी ग्रंथ त्याज्य ठरवले, त्यांची नावे व आशय तिने एका ठरावात नोंदवले आहेत. ग्रंथ नष्ट करण्याचा हुकूमच नष्ट ग्रंथालयाची सूची ठरतो. बंदी घालण्यासाठी बंदीच्या विषयाचा निर्देश करावा लागतो आणि त्या निर्देशात निषिद्ध गोष्टीचा माग शिल्लक राहतो.

हाच व्यूह रिव्हार यांनी भाषेच्या संदर्भात वापरला. थॉमस स्टीफन्स यांचे रायतूर येथे १६४० मध्ये मुद्रित झालेले कोंकणीचे व्याकरण त्यांनी १८५७ मध्ये पुन्हा छापले आणि त्याला कोंकणी भाषेवरील ऐतिहासिक निबंध जोडला. देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा २७ जून १६८४ चा राजप्रतिनिधीचा हुकूम या निबंधातून अभ्यासकांपुढे आला. लोकभाषेच्या अवनतीची जबाबदारी रिव्हार यांनी राज्यकर्ते व मिशनरी या दोघांवरही टाकली. जेत्यांच्या पहिल्या उत्साहात देशी ग्रंथांचा नाश झाला, ही त्यांची मांडणी होती. आणि कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

या निष्कर्षाचा उपयोग पुढे परस्परविरोधी पक्षांनी केला. कोंकणीला मराठीची बोली मानणाऱ्या अ. का. प्रियोळकरांनीच हा निबंध इंग्रजी अनुवादाच्या रूपाने भारतातील मुद्रणकलेवरील आपल्या ग्रंथात (१९५८) समाविष्ट केला. पुराव्याचा संग्राहक आणि निष्कर्षाचा समर्थक या दोन भूमिका वेगळ्या ठेवता येतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मात्र रिव्हार यांना तटस्थ संग्राहक मानणेही भोळेपणाचे ठरेल. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार की रोमची थेट सत्ता, हा वाद तेव्हा पेटलेला होता. १८५७ मध्ये उभय पक्षांत करार झाला आणि १८५८ मध्ये रिव्हार यांनी राजाश्रयाच्या बाजूने पुस्तक लिहिले. त्यांच्या दृष्टीने जुना दस्तऐवज हे हक्काचे साधनही होते. म्हणून दस्तऐवजमालेत राजाची पत्रे, सनदा, परिषदांचे ठराव यांना अग्रस्थान आहे. सत्तेने जे लिहिले ते विपुल आणि सत्तेखालच्यांनी जे लिहिले ते विरळ, ही विषमता त्यांच्या सचोटीने कमी होत नाही.

या विषमतेची दुसरी बाजू विसाव्या शतकात उजेडात आली. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेली रामायण-महाभारतातील कथानके व मराठी काव्ये आढळली. मिशनऱ्यांनी ती हिंदूंचा धर्म समजून घेण्यासाठी, म्हणजे खंडनाच्या तयारीसाठी, लिहवून घेतली असणे संभवते. पण सोळाव्या शतकातील गोव्याची गद्य-पद्य भाषा त्यांतच टिकली. उलट, १६१६, १६४९ व १६५४ मध्ये छापले गेलेले स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ मान्यताप्राप्त असूनही त्या आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ते हस्तलिखितांतून वाचले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा मुद्रित झाले. निषिद्ध ते नष्ट आणि मान्य ते सुरक्षित, हे सरळ समीकरण येथे मोडते.

गोमंतकीय मराठी-कोंकणीच्या प्राचीन परंपरेविषयी बोलताना उपलब्ध संहितांवरून मूळ वाङ्मयाचे आकारमान ठरवण्याचा मोह होतो. रिव्हार यांच्या कार्याचा धडा याच ठिकाणी उपयोगी पडतो. संग्रह म्हणजे वाङ्मयाचा आरसा नव्हे. जाळपोळ, अधिकाराचे वाद, मठांची जप्ती आणि एखाद्या ग्रंथपालाची चिकाटी यांचा तो संयुक्त परिणाम आहे. वाङ्मयेतिहासकाराने संहितेआधी संग्रहाचा इतिहास वाचला पाहिजे. १८७७ मध्ये रिव्हार पोर्तुगालला परतले आणि दोन वर्षांनी एव्होरा येथे निवर्तले. त्यांचे निष्कर्ष वादग्रस्त राहिले. त्यांनी छापलेल्या कागदांवाचून मात्र तो वादही घालता आला नसता.