राजपुत्रांची पहिली शिकार : कांहीं उल्लेख व एक हिशेब

राजपुत्रांचे जन्म, मुंजी, विवाह व राज्यारोहणें यांच्या तिथि इतिहासकारांनीं मोठ्या कसोशीनें जुळविल्या आहेत. एखाद्या मुहूर्तांत घटकाभराचा फरक पडला तरी त्यावर वाद झडलेले आहेत. परंतु त्याच राजपुत्रास प्रथम रानांत कोणी नेलें, त्याच्या हातून पहिला जीव कोणता पडला व त्या वेळीं जवळ उभ्या असलेल्या वडील मनुष्यानें काय केलें, हें विचारण्याची आम्हां लोकांस संवय नाहीं. विषय क्षुल्लक वाटतो हें एक कारण, आणि साधनें विरळ हें दुसरें. तथापि जीं थोडीं साधनें उपलब्ध आहेत तीं ताडून पाहतां आमच्या मनांत एक विचार आला, तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम आपल्या शास्त्रांकडे वळूं. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत बारीकसारीक प्रसंगांस संस्कार सांगणाऱ्या धर्मशास्त्रानें क्षत्रियाच्या मुलाच्या पहिल्या मृगयेस संस्कार सांगितलेला नाहीं. हा विसर नव्हे. मनूनें सातव्या अध्यायांत कामज व्यसनें दहा सांगितलीं आहेत, त्यांत मृगयेचें नांव पहिलें आहे. आणि त्यांतील अत्यंत अनिष्ट अशीं चार निवडतांना पान, द्यूत व स्त्रिया यांच्या पंक्तीस तिला पुनः बसविलें आहे. जें व्यसन, त्याच्या आरंभास मंत्र कोण सांगणार ?

कौटिल्याचें मत याहून सूक्ष्म आहे. मृगया व द्यूत यांत वाईट कोणतें या वादांत तो मृगयेची बाजू घेतो : तींत व्यायाम होतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यांवर हात बसतो, भ्यालेल्या व रागावलेल्या प्राण्याचें चित्त ओळखूं येतें. राजानें व्याध व कुत्रे बाळगणारे यांकडून चोर, श्वापदें वगैरेंची भीति दूर करवून मग चल लक्ष्याच्या सरावासाठीं मृगारण्यांत जावें असेंही तो पहिल्या अधिकरणांत सांगतो. परंतु हें झालें राजाविषयीं. बालकाचा दिनक्रम आंखतांना मात्र चौलानंतर लिपि व संख्यान, उपनयनानंतर त्रयी व आन्वीक्षिकी, पूर्वाह्णीं हत्ती, घोडे, रथ व शस्त्रें, अपराह्णीं इतिहासश्रवण, असा सर्व तपशील देऊन त्यांत मृगयेस त्यानें जागा ठेवलेली नाहीं. पुढें राजपुत्ररक्षणाच्या प्रकरणांत तर तो स्पष्टच बोलतो. कित्येक आचार्यांचें म्हणणें असें कीं, गुप्त पुरुषानें राजपुत्रास मृगया, द्यूत, मद्य इत्यादिकांची भूल घालून त्याचें मन पाहावें. कौटिल्य यावर संतापतो : ज्याला जें ठाऊक नाहीं तें त्याला जाणवून देणें हा महादोष होय. आणि पोराला मृगयेची इच्छा झालीच, तर वाटमाऱ्यांच्या वेषांतील माणसांकडून त्याला भेडसावून सोडावें, अशी त्याची युक्ति आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील कर, दुर्ग व हेर यांवर पुष्कळ लिहिलें गेलें. पण रानाकडे ओढ घेणारा मुलगा व झाडींत दबा धरून बसलेले ते खोटे दरोडेखोर यांजकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

मृगयेचे पुरस्कर्तेही आपणांकडे होते. कल्याणीच्या चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत मानसोल्लासांत मृगयेचे प्रकार राजाचे विनोद म्हणून विस्तारानें वर्णिले; कुमाऊंच्या रुद्रदेवाचें श्यैनिकशास्त्र हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलें, त्यांत ससाण्याच्या शिकारीची तरफदारीच आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांतील सेनापति मृगयेस व्यसन म्हणणारांस खोटें पाडतो. हा अंक वर्गांत शिकवितांना सारीं मुलें सेनापतीच्या बाजूस जात व विदूषक एकटा पडे, हा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. परंतु त्याच नाटकाच्या सातव्या अंकांत कालिदासानें जो बालक रंगभूमीवर आणिला, तो सिंहाच्या छाव्याचे दांत मोजतो. त्याला मारीत नाहीं. आणि रामायणांतील दशरथ अंधारांत शब्दवेधी बाण सोडून तापसकुमारास मारतो, तेव्हां तो राजा झालेला नाहीं, तरुण युवराज आहे. आपल्या वाङ्मयांत राजकुमाराची जी शिकार सर्वांच्या तोंडीं आहे ती हीच, व तिचें फळ शाप हें आहे.

याच्या अगदीं उलट रीत मध्य आशियांत होती. इराणांत मोंगल ईलखानांच्या पदरीं असलेला वजीर रशीदुद्दीन यानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं जामि-उत्-तवारीख पुरा केला. त्यांत तो सांगतो कीं, सुमारें १२२४ सालीं चंगीझखान पश्चिमेकडील स्वारीहून परततांना त्याचे दोन नातू, अकरा वर्षांचा कुबिलाई व नऊ वर्षांचा हुलागू, त्यास सामोरे आले. कुबिलाईनें ससा मारला होता, हुलागूनें रानबकरा. मुलानें पहिली शिकार केली म्हणजे त्याच्या अंगठ्यास मांस व चरबी चोळावयाची अशी मोंगलांची चाल. ती चंगीझखानानें स्वतः पार पाडली. कुबिलाईनें आजोबांचा अंगठा हळूच धरला. हुलागूनें असा आंवळला कीं, हा पोर माझा अंगठाच निकामी करणार, असें म्हातारा म्हणाला. पुढें एक चीनचा सम्राट् झाला, दुसऱ्यानें १२५८ सालीं बगदाद धुळीस मिळविलें. भविष्य कळल्यावर रचलेली ही कथा म्हणून कोणी ती टाकून देईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. रशीदुद्दीन हुलागूच्याच वंशजांचें अन्न खात होता. कथा बनवावयाची तर सौम्यपणा त्यानें आपल्या धन्याच्या पूर्वजाकडे दिला असता. निदान अंगठ्याची चाल तरी खरी मानण्यास हरकत नाहीं.

क्षत्रियाचें उपनयन गर्भापासून अकराव्या वर्षीं आणि कुबिलाईही अकरा वर्षांचा, एवढ्यावरून कांहीं सिद्ध करूं पाहणारे विद्वान् निघतील. त्यांस आमचा दुरूनच नमस्कार.

बाबराच्या वंशांत आईकडून चंगीझखानाचें रक्त होतें, व शिकारीचा षोक अखेरपर्यंत टिकला. अकबर बारा वर्षांचा असतां, १५५५ सालच्या माछीवाड्याच्या लढाईनंतर, शत्रूच्या लुटींतील फतहबाझ नांवाचा चित्ता वलीबेगानें त्याला नजर केला. चित्त्यांची त्याची आवड तेथून सुरू झाली, असें अबुल फजलाच्या लेखावरून दिसतें. परंतु मुलाच्या शिकारीविषयीं सर्वांत मोलाचा कागद जहांगीराचा आहे, व तोच या लेखाचें मुख्य प्रयोजन होय.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत अकराव्या जुलूसी वर्षाच्या, म्हणजे १६१६-१७ च्या, वृत्तांतांत शिकारीची एक एकंदर नोंद देतो. हिजरी ९८८ मध्यें आपणांस बारावें वर्ष लागलें, तेव्हांपासूनचा हिशेब त्यानें कारकुनांकडून करविला. राजर्स व बेव्हरीज यांच्या इंग्रजी भाषांतराप्रमाणें त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरें पडलीं. त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वहस्तें मारलीं. यांत चतुष्पाद ३,२०३ व पक्षी १३,९६४. दोहोंची बेरीज बरोबर १७,१६७ येते; कारकून हिशेबाचे पक्के होते हें उघड आहे. चतुष्पादांत वाघसिंह ८६ व नीलगाई ८८९.

भाषांतर वाचणारे बहुधा त्या ८६ वर थांबतात, आणि बादशहाच्या पराक्रमाचें किंवा क्रौर्याचें, आपापल्या रुचीप्रमाणें, वर्णन करितात. आम्हीं पक्ष्यांची यादी कागदावर उतरून घेतली. १३,९६४ पैकीं कबुतरें १०,३४८ आणि कावळे ३,२७६. या दोहोंची बेरीज १३,६२४. म्हणजे बाकी सर्व पक्षी मिळून अवघे ३४०, आणि बादशहानें उभ्या आयुष्यांत मारलेल्या दर पांच जीवांपैकीं सुमारें चार जीव एक तर कबूतर, नाहीं तर कावळा !

कबुतरें व कावळे हें बादशहाचें भक्ष्य नव्हे, तें बारा वर्षांच्या पोराचें आहे. विहिरींत, बुरुजांत, वाड्याच्या कोनाड्यांत बसणारें कबूतर ही मुलाला घराबाहेर फार दूर न जातां मिळणारी शिकार, आणि कावळा तर कोठेंही. म्हणून आमचा तर्क असा कीं, या संख्येचा बराच भाग सलीमाच्या बालपणांतील व पहिल्या तारुण्यांतील असावा, आणि मुलाचा हात लहान पक्ष्यांवर बसवून मग त्याला नीलगाईकडे न्यावयाचें अशी या घराण्यांत रीत असावी. यावर एक आक्षेप आम्हांस दिसतो, तो लपवीत नाहीं. कबुतरें प्रौढ माणसेंही मारतात, आणि विहिरींतून कबुतरें उठवून एका बैठकींत शेंकड्यांनीं पाडतां येतात. नोंद वर्षवार नसल्यामुळें हा आक्षेप पुरा खोडतां येत नाहीं. परंतु हिशेबाचा आरंभ राज्यारोहणापासून न धरतां बाराव्या वर्षापासून धरला आहे, ही गोष्ट विचारांत घ्यावी. राजपुत्राचा पहिला मारही कोणीं तरी लिहून ठेविला होता, आणि सुमारें सदतीस चांद्र वर्षांनंतर तो बेरजेस घेण्यासाठीं शाबूत होता, यांत शंका नाहीं. अंगठ्याला चरबी चोळण्याऐवजीं येथें वहींत आंकडा पडला.

महाराष्ट्रांतील दफ्तरांविषयीं आमची विनंति एवढीच. सवाई माधवरावांचा पर्वतीजवळचा शिकारखाना सर्वश्रुत आहे. पण सरदारांच्या घरांतील लहान मुलांस शिकारीस नेल्याच्या नोंदी कोणी वेगळ्या काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. अशा नोंदी रोजकीर्दींत, खर्चाच्या यादींत, दारूगोळ्याच्या किरकोळ रकमांत सांपडण्याचा संभव. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल आहेत त्यांनीं ‘चिरंजीव’ या शब्दापुढें बंदूक, बार, बाज, चित्ता असें कांहीं आढळल्यास कागद बाजूला न टाकितां तारखेसह उतरून घ्यावा. तनख्याच्या आंकड्याइतकाच तोही आंकडा आहे.

जहांगीराच्याच ग्रंथांतील आणखी दोन उल्लेख येथें नोंदवितों. तो सांगतो कीं, आपण आईच्या पोटांत असतां एके शुक्रवारीं गर्भाची हालचाल थांबली. अकबर त्या वेळीं चित्त्यांनिशीं शिकार करीत होता. मूल वांचल्यास यापुढें शुक्रवारीं चित्त्यांची शिकार करणार नाहीं असा त्यानें नवस केला व तो जन्मभर पाळला, पुत्रानेंही पाळला.

दुसरा उल्लेख याच पुत्राचा. पन्नाशी उलटल्यावर बंदूक खालीं ठेवावी व स्वहस्तें कोणासही इजा करूं नये असा संकल्प त्यानें पूर्वी केला होता. १६१८ च्या सुमारास त्याचा लाडका नातू, खुर्रमचा मुलगा शुजा, आकडीच्या विकारानें बेशुद्ध पडला. उपाय हरले, तेव्हां जहांगीरास तो संकल्प आठवला. पोर उठला तर बंदुकीनें जीव मारणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. शुजा बरा झाला, आणि बाराव्या वर्षापासून चाललेला तो हात सुमारें पांच वर्षें थांबला. मग शुजाच्याच बापानें, शाहजहानानें, बापाविरुद्ध शस्त्र उचललें. त्या उद्वेगांत जहांगीरानें बंदूक पुनः हातीं घेतली.