टेंडरची सही आणि जावाची बंदी

मी सांगलीत ठेकेदारांची टेंडरं भरून देते. रस्त्यांची, गटारींची, शाळाखोल्यांची, पाणीपुरवठ्याची. ई-निविदा आल्यापासून या धंद्याची सगळी भिस्त यूएसबी टोकनवर आहे. ठेकेदाराची डिजिटल सही, आमच्या बोलण्यात डीएससी, त्यात असते. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती सही कागदावरच्या सहीइतकीच ग्राह्य धरली. पण टोकन संगणकात खोचलेलं असलं, तरी वेबपेजला त्याला हात लावता येत नाही, आणि येऊही नये. नाहीतर कुठलंही पान उघडताच सही चोरीला जाईल. पान आणि टोकन यांच्या मधल्या जागेत कित्येक वर्षं जावा या संगणकभाषेचं, ब्राउझरला जोडलं जाणारं प्लगइन बसलं होतं.

जावा जन्मलं ते या कामासाठी नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते २३ मे १९९५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जाहीर केलं, तेव्हा आकर्षण होतं पानातच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, ॲपलेटचं. अनोळखी ठिकाणाहून आलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालणार, हा धोका जावा तयार करणाऱ्यांनी ओळखला होता. म्हणून ॲपलेटला सँडबॉक्सची मर्यादा होती: फायली वाचायच्या नाहीत, यंत्राला हात लावायचा नाही. पुढे सही केलेल्या ॲपलेटला वापरणाऱ्याच्या परवानगीने ही मर्यादा ओलांडता येऊ लागली. टेंडरचं ॲपलेट याच जातीचं. त्याला टोकन वाचायचं असे, डिस्कवरचा बीओक्यू, म्हणजे कामाच्या दरांचा तक्ता, उचलायचा असे. म्हणून ‘रन’चं बटण समोर आलं की दाबायचं, ही सवय आमच्या सगळ्या धंद्याला लागली. खिडकीतला मजकूर वाचायला वेळ कोणाला होता? बिड सबमिशनची वेळ संपत आलेली असायची आणि ठेकेदार खुर्चीमागे उभा असायचा.

खरं दुखणं जुन्या आवृत्त्यांचं होतं. जावा अपडेट केलं म्हणजे जुनं गेलं, असं लोक धरून चालत. तसं होत नव्हतं. २०१०मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली. डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओरॅकलवर नेमका हाच ठपका ठेवला: अपडेट केल्याने तुम्ही सुरक्षित झालात असं सांगितलं जाई, पण बऱ्याच काळपर्यंत अपडेट फक्त लगतची आधीची आवृत्ती काढत असे, त्यापेक्षा जुन्या तशाच मागे राहत. जावा ८५ कोटींहून अधिक संगणकांवर होतं. अपडेटची पद्धत पुरी पडत नाही हे कंपनीला २०११मध्येच ठाऊक होतं, हेही कमिशनच्या तक्रारीत आहे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो. सामान्य माणसाने सांगितलं तसं केलं, तरी त्याच्या घरात भगदाड तसंच राहिलं.

१० जानेवारी २०१३ रोजी जावा ७मधली एक नवी फट उघड झाली. दुरुस्ती अजून आलेली नव्हती आणि ‘ब्लॅकहोल’सारख्या चोरांच्या तयार साधनसंचात तिचा वापर सुरूही झाला होता. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधलं जावा बंद ठेवायचा सल्ला दिला. मोझिलाने फायरफॉक्समध्ये जावा आपोआप चालणं थांबवलं, क्लिक केल्याशिवाय ते सुरू होईना. ॲपलने तर आपल्या मॅकवर किमान आवृत्तीची अट अशी घातली की ती पुरी करणारी आवृत्ती तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती, म्हणजे सरळ बंदी. ओरॅकलची दुरुस्ती १३ जानेवारीला आली. तरी पुढच्याच महिन्यात फेसबुक आणि ॲपल या दोघांनी जाहीर केलं की जावाच्याच फटीतून आपल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांत शिरकाव झाला होता.

प्लगइनच्या आत काय चाललंय यावर ब्राउझरचा ताबा नसतो. ते एकदा सुरू झालं की वापरणाऱ्याला जे करता येतं ते त्यालाही करता येतं. ब्राउझरच्या हातात फक्त त्याला सुरू होऊ द्यायचं की नाही, एवढंच होतं. म्हणून ‘ब्राउझरने अडवलं’ अशी ठेकेदारांची तक्रार मला कधी पटली नाही.

त्यानंतर दारं एकेक करून बंद होत गेली. जानेवारी २०१४च्या जावा ७ अपडेट ५१ने अधिकृत सही नसलेली ॲपलेट अडवायला सुरुवात केली आणि ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’ दिली. टेंडरच्या पोर्टलचा पत्ता त्या यादीत घालणं हे आमचं पहिलं काम झालं. सप्टेंबर २०१४पासून इंटरनेट एक्स्प्लोररही जुनं जावा अडवू लागला, ‘ट्रस्टेड साइट्स’मधली पानं मात्र त्यातून सुटत. तीही यादी आम्ही भरली. सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमने जावासारखी प्लगइन्स कायमची काढली, मार्च २०१७मध्ये फायरफॉक्स ५२ने फ्लॅश वगळता बाकीची. त्याच ५२च्या ईएसआर, म्हणजे संस्थांसाठी जास्त काळ चालवल्या जाणाऱ्या आवृत्तीत मात्र जावा चालत राहिलं, आणि आमच्या धंद्यात ती पेनड्राइव्हवरून या टेबलवरून त्या टेबलवर फिरली. ‘अपडेट करू नका’ हा सल्ला तोंडोतोंडी गेला. तो कोणी हौसेने दिला नव्हता. सहीचं ॲपलेट लिहिणाऱ्यांनी ते वेळेत बदललं असतं तर त्याची गरजच पडली नसती. ३ लाखांवरच्या कामांनाही ई-निविदा सक्तीची झाल्यावर गावातला छोटा ठेकेदारसुद्धा या जुन्या ब्राउझरवर अवलंबून राहिला. त्याच संगणकावर तो बँकेचं कामही करत असे. या धोक्याचं मोजमाप कुणीच ठेवलं नाही.

ओरॅकलने जानेवारी २०१६मध्ये प्लगइन निवृत्त करायचं जाहीर केलं आणि २०१८च्या जावा ११मध्ये ते उरलं नाही. आता सहीसाठी संगणकावर साइनर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. पान त्याच संगणकावरच्या साइनरशी बोलतं, टोकनशी बोलतो तो साइनर. ब्राउझर नवा ठेवता येतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी आधी साइनरची आवृत्ती तपासायला शिकवते, मग कंट्रोल पॅनेल उघडून जुनं जावा शिल्लक आहे का ते बघायला. ठेकेदारांच्या लॅपटॉपवर ते अजूनही सापडतं, कधी एकच, कधी तीन-तीन.