विद्यार्थी आणि स्वतंत्र उद्योग

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घरांतून अद्याप ऐकू येते. परंतु मुलगा पदवीधर होताच तिचा क्रम नेमका उलटतो. हा दोष केवळ महाराष्ट्रीयांचा, असे पुष्कळ ज्ञातिबांधव मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन विद्यापीठाच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी होत असते. २०१८ च्या पाहणीत ५४ देशांतील दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. शिक्षण संपताच उद्योग काढू म्हणणारे शेकडा ९ निघाले; पाच वर्षांनी काढू म्हणणारे मात्र शेकडा ३५ च्या घरात होते. सधन देशांपेक्षा विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांचा ओढा उद्योगाकडे अधिक दिसला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

‘आधी नोकरी’ हा मार्ग लक्ष्मणराव किर्लोस्करांचाही होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढती डावलली गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला व बेळगावी बंधूंसह सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीस विषबाधा होते म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नोकरीत मिळालेले यंत्रज्ञान वाया गेले नाही; पण ती त्यांनी वेळीच सोडली, हे आपण मुलांना सांगत नाही.

आपल्या भागात तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला व मुख्यालयाचे संकुल कोळगावात आले. प्रत्येक वेळी आपण एकच विचारले, “तेथे भरती आहे काय?”

प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. चिंचणी, वरोर, वाणगाव या बाजूस दागिन्यांच्या डाय कोरण्याचा नाजूक धंदा अनेक घरांतून चालतो. जाणत्याजवळ बसून हात तयार झाला की मुलगा स्वतंत्र काम घेऊ लागतो. माझा एक विद्यार्थी दहावीनंतर असा बसला होता. मी त्याच्या वडिलांची समजूत घालून त्याला महाविद्यालयात धाडले. तो पदवीधर झाला, एका कारखान्यात कारकून झाला. पाच वर्षांनी स्वतःचे काढीन म्हणे. पाचांची वीस झाली, कारखाना बंद पडला, आणि तो पुन्हा डायकडे वळला. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, काम येतं, पण हात आता पूर्वीसारखा वळत नाही.”