बेलापूर ते पेंधर : अकरा किलोमीटर आणि साडेबारा वर्षे



दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जे तरुण येतात, त्यांतले कितीतरी आता खारघर, कामोठे, तळोज्याहून येतात. आजोबा महाड-पोलादपूरच्या वाडीतून मुंबईला गेले, बापाने आयुष्य भाड्याच्या खोलीत काढले आणि मुलाने कर्ज काढून तळोज्याला दीड खोली घेतली. मुंबईत परवडत नव्हते म्हणून तळोजा. घर घेताना जो तो एकच सांगत होता : मेट्रो येतेय.

ही मेट्रो कशी आली, हे आपल्या तरुणांनी नीट वाचले पाहिजे. बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग. लांबी अकरा किलोमीटरच्या थोडी वर, स्थानके अकरा. पेंधरचे टोक आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येते. भूमिपूजन झाले १ मे २०११ रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी. तीन-चार वर्षांत गाडी धावेल असे तेव्हाचे सांगणे होते. गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. भागाकार करून बघा, वर्षाला एक किलोमीटरसुद्धा पडत नाही. सुमारे दोन हजार कोटींच्या अंदाजाने सुरू झालेले काम तीन हजार कोटींच्या पुढे गेले.

उशिराची कारणे गूढ नाहीत. सिडकोला शहर वसवण्याचा अनुभव होता, मेट्रो बांधण्याचा नव्हता. खांब उभे राहिले, पण स्थानकांची कामे घेतलेले ठेकेदार मधेच अडकले. त्यांना काढायचे, उरलेल्या कामाचा हिशोब करायचा, पुन्हा निविदा काढायच्या, यात वर्षे गेली. खारघरच्या रहिवाशांनी रस्त्याच्या मधोमध नुसते खांब आणि छप्पर नसलेली स्थानके बघत किती पावसाळे काढले! पुढे महामेट्रोला मदतीला घेतले तेव्हा काम मार्गी लागले.

इथपर्यंत समजू शकतो. ठेकेदार बुडतो, तांत्रिक अडचणी येतात, मधे करोना आला. माझा आक्षेप त्यापुढच्या काळावर आहे. पेंधर ते सेंट्रल पार्क या टप्प्याला सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र २०२१ संपता संपता मिळाले होते. उरलेल्या टप्प्याला जून २०२३ मध्ये मिळाले. म्हणजे रूळ तयार, डबे तयार, तपासणी झालेली, आणि दारे बंद. मोठ्या पाहुण्याच्या तारखेसाठी मेट्रो थांबली आहे, असे तेव्हा वर्तमानपत्रे उघड लिहीत होती. शेवटी औपचारिक उद्घाटनाची वाट न पाहता सेवा सुरू करा, असा आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला आणि समारंभाशिवाय गाडी सुटली. समारंभाशिवाय नोव्हेंबरात सुटू शकणारी गाडी जुलैत का सुटली नाही?

या प्रश्नाला महाडात जुना इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती, कारण ठराव करणाऱ्यांनी तो अमलात आणण्याची जबाबदारी घेतलीच नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा वापरला गेला. त्यावर नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपलाच ठराव मागे घेतला. मग दावा, मनाई हुकूम, अपिले. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. तळ्यावर माणूसपण नाकारले होते, डोकी फुटली होती. मेट्रोच्या फलाटावर जात विचारत नाहीत. पण जनतेच्या पैशाची वस्तू तयार असताना ती जनतेने कधी वापरायची, हे वरच्या कुणाच्या तरी मर्जीवर ठेवण्याची सवय तीच आहे. तळोज्याचा माणूस तोवर रिक्षात दाटीवाटीने बसून स्टेशन गाठत होता. त्याचा रोजचा तास कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नव्हता.

‘सरकारी काम आहे, वेळ लागणारच’ असे कुणी म्हणाले तर त्याला महाडलाच आणावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. दहा महिने! देशभर बातमी झाली होती, महामार्ग तुटला होता, म्हणून यंत्रणा हलली. त्याच महामार्गाचे पनवेल-इंदापूर चौपदरीकरण मेट्रोसारखेच २०११ ला सुरू झाले होते. त्याचे काय झाले ते गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला विचारा.

आणि तळीये. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, वाडीच्या वाडी गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. लगोलग म्हाडामार्फत गाव पुन्हा वसवण्याची घोषणा झाली. दोन वर्षांनी, २०२३ च्या पावसाळ्यातही, वाचलेली कुटुंबे पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहत होती. त्याच पावसाळ्यात तिकडे खारघरला प्रमाणपत्र मिळालेली मेट्रो उभी होती. एका जिल्ह्यातली ही दोन चित्रे. कंटेनरमध्ये राहणाऱ्याची जात कोणती, हे विचारण्याची मला गरज वाटत नाही. त्याच्या वेळेची किंमत किती धरली, ते विचारायचे आहे.

नवी मुंबई मेट्रोचे पुढचे मार्ग आराखड्यात आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती न मागता जाहीर करणे कार्यालयांवर बंधनकारक आहे. ती नसेल तर अर्ज टाका आणि तीनच तारखा मागा : काम पूर्ण झाल्याची, सुरक्षा प्रमाणपत्राची आणि लोकांसाठी दार उघडल्याची. तळीयेच्या घरांसाठीही असाच अर्ज करता येतो. तिथे पहिली तारीख घोषणेची लिहा आणि शेवटची चावी हातात पडल्याची.