गांवाचा नकार

खाण कोठें खणावी, धरण कोठें बांधावें, विहीर कोठें पाडावी, हें ठरविणारे लोक राजधानींत बसतात. त्याचे परिणाम भोगणारे लोक खेड्यांत राहतात. या दोघांच्या मध्यें ग्रामपंचायत आणि जिल्हामंडळ यांसारख्या स्थानिक संस्था उभ्या असतात. अशा संस्थेनें ‘नाहीं’ म्हटलें, तर त्या शब्दास किंमत किती? हा प्रश्न इंग्लंडांत शेल नांवाच्या खडकांतील वायूवरून गाजला, ओडिशांत बॉक्साइटवरून, आणि कोंकणांत लोहखनिजावरून. पुणेकरांच्या दारांत मात्र तो शंभर वर्षांपूर्वींच येऊन उभा राहिला होता.

पुण्याच्या पश्चिमेस मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावें, अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोंकणांत भिरा येथें सोडावें, आणि त्या प्रपातावर वीज करून ती मुंबईस पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. मुळशी पेट्यांतील पन्नासांवर गांवें, त्यांचीं भाताचीं खाचरें, घरें आणि देवळें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. जमीन सरकारनें १८९४ च्या भूमिसंपादनाच्या कायद्यानें कंपनीस मिळवून दिली. भरपाई किती, याबद्दल त्या कायद्यान्वयें भांडतां येत असे. जमीन द्यावयाची कीं नाहीं, याबद्दल धन्याची हरकत ऐकून घेण्याचें कलम त्यांत १९२३ सालीं घालण्यांत आलें. तोंवर मुळशीचें काम पुष्कळच पुढें गेलें होतें.

१९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘केसरी’नें त्यांची बाजू मांडली. कंपनीनें कांहीं महिने काम थांबविलें आणि पुन्हां सुरू केलें. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यांत, आणि त्यापायीं त्यांनीं तुरुंगवासहि सोसला. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, आणि पुढें धरण पुरें झालें.

या लढ्याची एक बाजू पुण्यास भूषणावह नाहीं. मावळांतील पुष्कळ जमीन कर्जापायीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें चढलेली होती. कसणारा मावळा, आणि खातेदार पुण्याचा. भरपाईचे पैसे ज्याच्या हातीं पडावयाचे, त्यास जमीन बुडण्याची झळ कितीशी लागणार? रक्कम वाढवून मिळावी, एवढ्यावरच अनेकांचें समाधान झालें.

त्या काळीं स्थानिक स्वराज्य मुळींच नव्हतें, असें नाहीं. रिपनसाहेबांच्या १८८२ च्या ठरावानंतर जिल्हा व तालुका लोकल बोर्डें निघालीं होतीं. १९२० सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा कायदाहि झाला होता. परंतु रस्ता, विहीर, झाडलोट असल्या कामांतच त्यांची सत्ता संपत असे. गांव स्वच्छ ठेवण्याचा अधिकार पंचायतीस होता. गांव राहावें कीं बुडावें, याबद्दल बोलण्याचा नव्हता.

ही स्थिति कागदावर पालटण्यास सत्तर वर्षें लागलीं. ७३ वी घटनादुरुस्ति २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली आणि ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान मिळालें. १९९६ च्या कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे आदिवासी मुलखांत, जमीन घेण्यापूर्वीं गांवाचा विचार घेणें आवश्यक झालें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलावर जगणाऱ्यांचे सामूहिक हक्क मान्य केले. या दोन कायद्यांच्या कक्षेबाहेर मात्र खाणीविरुद्धचा ग्रामसभेचा ठराव बहुधा विनंतीइतकाच राहिला.

याचा प्रत्यय सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आला. गोव्याच्या सीमेलगत सावंतवाडी आणि दोडामार्ग या तालुक्यांच्या डोंगरांत लोहखनिज आहे. त्याच डोंगरांवर दाट जंगल आहे, आणि पायथ्याशीं काजू, नारळ व सुपारीच्या बागा आहेत. बागांना पाणी मिळतें तें डोंगरांतील झऱ्यांचें. डोंगर कापला कीं झरा आटतो, आणि पावसाळ्यांत खाणीची लाल माती खालच्या शेतांत उतरते. शेजारच्या गोव्यांत लोकांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

२०१० सालीं केंद्र सरकारनें पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष माधव गाडगीळ हे पुण्याचे, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. या समितीपुढें एक अनपेक्षित गोष्ट आली. ज्या ‘संवेदनशील क्षेत्रा’च्या नुसत्या नांवानें इतरत्र लोक बिचकत, तें आपल्या गांवास लागू करावें, असे ठराव सिंधुदुर्गांतील पंचवीस गांवांनीं केले होते. कारण सरळ होतें. ग्रामसभेच्या शब्दानें खाण थांबत नव्हती. संवेदनशील क्षेत्र ठरल्यास ती थांबण्याची आशा होती. दार लावून घेण्याचा अधिकार नव्हता, म्हणून गांवांनीं कुंपण मागितलें.

समितीनें ३१ ऑगस्ट २०११ रोजीं अहवाल दिला. क्षेत्राच्या सीमा आणि नियम वरून न लादतां ग्रामसभांपर्यंत चर्चा नेऊन ठरवावे, असें त्यांत सुचविलें होतें. अहवाल प्रसिद्ध होण्यास २०१२ साल उजाडलें, आणि त्याच वर्षीं त्याच्या फेरविचारासाठीं कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी समिति बसली. पुढें अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. दोडामार्ग तालुक्यांतील कळणे गांवीं खाण आधींच सुरू झाली होती. जुलै २०२१ मध्यें तिचा बांध फुटून चिखलपाणी वस्तींत आणि बागांत शिरलें. अखेर मार्च २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. गांवांच्या मागणीस बळ मिळालें तें न्यायालयांत, आणि तेंहि बारा वर्षें उलटल्यावर.

ओडिशांतील नियमगिरीची गोष्ट निराळी. तेथील बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०१३ मध्यें ग्रामसभांकडे सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या, आणि बाराहि सभांनीं नकार दिला. डोंगरासच देव मानणाऱ्या डोंगरिया कोंध लोकांचा तो शब्द जानेवारी २०१४ मध्यें केंद्र सरकारनें मानला. वनहक्काचा कायदा तेथें ग्रामसभेच्या पाठीशीं उभा होता.

सुधारलेल्या इंग्लंडांत काय झालें, तेंहि पाहण्याजोगें आहे. शेल खडकांत कोंडलेला वायु काढण्यासाठीं खोल विहीर पाडून ती खडकांत आडवी नेतात, आणि वाळू व रसायनें मिसळलेलें पाणी प्रचंड दाबानें आंत सोडून खडकास चिरा पाडतात. लँकेशायर परगण्यांत एका कंपनीनें यासाठीं परवानगी मागितली. परगण्याच्या लोकनियुक्त मंडळानें जून २०१५ मध्यें ती नाकारली. पुढच्याच वर्षीं लंडनच्या मंत्र्यानें तो निर्णय फिरविला. २०१८ सालीं खडक फोडण्यास आरंभ झाला. ऑगस्ट २०१९ मध्यें त्या भागास २.९ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, आणि नोव्हेंबरांत सरकारनेंच इंग्लंडभर ही पद्धति थांबविली. मंडळाचा शब्द मंत्र्यानें मानला नाहीं. भूमीचा मानावा लागला.

गांवाचें म्हणणें नेहमीं बरोबरच असतें, असा याचा अर्थ नव्हे. लोखंड कोठून तरी काढावें लागतें, वीज कोठें तरी निर्माण करावी लागते. प्रत्येक गांवानें नकार दिला तर शहरांत दिवे लागणार नाहींत. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु तो घेणारा बहुधा दिव्याखालीं बसलेला असतो, बुडणाऱ्या खाचराच्या बांधावर नव्हे. नकार ऐकून घेतला म्हणजे निदान ज्याचें जावयाचें त्याच्या तोंडून हिशेब मांडला जातो. न ऐकल्यास तो पुढच्या पिढीच्या नांवें लिहिला जातो. मुळशीचें पाणी अद्यापि घाटाखालीं भिऱ्याकडे वळतें. ज्या पुण्यांतील सावकार १९२१ सालीं भरपाईची रक्कम मोजीत होते, तेंच पुणें आतां वाढत्या वस्तीसाठीं त्या पाण्यांत वांटा मागत आहे. त्या वेळीं मावळ्यास कोणी विचारलें नव्हतें. पुढें जन्मणाऱ्या पुणेकरासहि विचारलें नव्हतें.