मायेचा खेळ आणि तंबूतला कौल

प्रेम आणि चमत्कार एकत्र गुंफणाऱ्या चित्रपटाचा आरंभीचा नमुना नाशिकमध्ये तयार झाला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मुंबईत काढून नाशिकला आले आणि तेथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासूर’ केला. मोहिनीवर भुललेला असुर तिच्या नाचाची नक्कल करता करता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि भस्म होतो, एवढीच कथा. त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत, त्या काळातली ही मोठी गोष्ट होती.

फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. तरी राम पडद्यावर आला की प्रेक्षक हात जोडत. नट कोण, यापेक्षा देव दिसला हे त्यांना महत्त्वाचे होते.

प्रेक्षकांच्या कौलाचा हा सूर बोलपटात बदलला. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथाची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी, राणीची दुर्गा खोटे यांनी आणि गुरूला परत न्यायला आलेल्या गोरखनाथाची मास्टर विनायक यांनी केली. ही कथा नवनाथांच्या पोथीतून घरोघर ठाऊक होती. त्यामुळे पुढे काय होणार, ही उत्सुकता मराठी प्रेक्षकाला फारशी नसे. राणी कशी दिसते, माया डोळ्यांसमोर कशी उभी राहते, याकडे त्याचे लक्ष असे.

असा सिनेमा चांदवडसारख्या तालुक्याच्या गावांना भेटे तो बहुतेक जत्रेच्या निमित्ताने. हे गाव मुंबई–आग्रा रस्त्यावरचे. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि डोंगराच्या कुशीतले रेणुकामातेचे मंदिर ही त्याची ओळख. नवरात्रात देवीच्या यात्रेला पंचक्रोशीतून माणसे लोटतात. महाराष्ट्रातल्या अशा यात्रांवरच फिरत्या टॉकीजचा धंदा उभा राहिला. मोकळ्या जागेत तंबू ठोकायचा, कापडी पडदा ताणायचा, मालमोटारीवर प्रोजेक्टर चढवायचा आणि दिवसभर कर्ण्यावरून पुकारा करायचा. बायका आणि पुरुष कनातीच्या दोन बाजूंना, जमिनीवरच बसत. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला राही.

तंबूतल्या प्रेक्षकाचे मत लेखी नसे. ते जागच्या जागी व्यक्त होई. नायिका प्रकटली की शिट्ट्या, आवडत्या गाण्याला पडद्याकडे उडवलेली नाणी, रीळ तुटले की आरडाओरडा. चमत्काराचा प्रसंग फसला तर हशा पिके, साधला तर क्षणभर सगळे चिडीचूप. शेवटचा हिशेब गल्ल्यावर होई: दुसऱ्या रात्री तंबू रिकामा राहिला की मालक रिळांची पेटी बदलून दुसरा सिनेमा लावी.

आधी दूरचित्रवाणीने, मग व्हिडिओने आणि शेवटी मोबाइलने हा धंदा आटवला. महाराष्ट्रातल्या अखेरच्या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा जत्रांतून मोजकेच तंबू उरले होते. प्रेमाचे आणि मायेचे चित्रपट आता घराघरांत एकेकट्याने पाहिले जातात. कनातीआडून एकाच वेळी उठणारा तो हशा मात्र तंबूबरोबरच गेला.