वसाविकारांतील रक्तक्लथन आणि घोणसविष

वसाविकारांतील रक्तक्लथन : रक्तातील वसा वाढल्यास रक्त लवकर गोठते काय, या प्रश्नाचा शोध घेताना विसाव्या शतकात वापरलेले एक प्रमुख साधन म्हणजे घोणसीचे विष होय. बुलढाणा जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या शेतशिवारांत हा सर्प आढळतो. पॅट्रिक रसेल यांच्या भारतीय सर्पांवरील ग्रंथात (१७९६) त्याचे वर्णन असून त्याचे इंग्रजी नाव रसेल यांच्यावरूनच पडले.

हे विष अत्यंत विरल केल्यास हीमोफिलियाच्या रुग्णांचे रक्तही गोठते, असे आर. जी. मॅकफार्लन आणि लंडन प्राणिसंग्रहालयातील सरीसृपांचे अभिरक्षक बर्जेस बार्नेट यांनी १९३४ मध्ये दाखविले. पुढे ते ‘स्टिपव्हेन’ या नावाने विक्रीस आले. विषातील एक प्रथिन क्लथनमालिकेतील दहाव्या घटकास थेट सक्रिय करते. त्यामुळे हीमोफिलियात उणा असलेला आठवा किंवा नववा घटक नसतानाही क्लथन घडते. मात्र पुढच्या पायरीस फॉस्फोलिपिड ही वसा लागते.

स्निग्ध भोजनानंतर घेतलेल्या रक्तद्रवाचा स्टिपव्हेन-काल घटतो, असे फुलर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. हृद्‌रोहिणीतील गुठळीशी याचा संबंध जोडण्याचा मोह साहजिक होता. परंतु ज्या चाचणीलाच वसा लागते, तिच्यावर वाढलेल्या वसेचा परिणाम दिसला, एवढ्यावरून वाहत्या रक्तात गुठळी होते असे ठरत नाही. शिवाय ही चाचणी क्लथनमालिकेतील सातव्या घटकास पूर्णपणे वगळते, आणि नेमके त्याचेच प्रमाण ट्रायग्लिसराइडे वाढलेल्या व्यक्तींत अधिक आढळते. लंडनमधील नॉर्थविक पार्क येथील पाहणीत टी. डब्ल्यू. मीड व सहकाऱ्यांना सातव्या घटकाची वाढलेली क्रियाशीलता व फायब्रिनोजनाचे वाढलेले प्रमाण यांचा हृद्‌रोहिणी विकाराशी संबंध आढळला (१९८६). सातव्या घटकाविषयीच्या या निष्कर्षास नंतरच्या पाहण्यांतून सातत्याने दुजोरा मिळाला नाही. फायब्रिनोजनाचा संबंध टिकला. पण ते रोगाचे कारण की केवळ खूण, हा वाद राहिला व आनुवंशिकीय अभ्यासांनी कारणत्वाची बाजू दुबळी केली.

दंशातून विष शरीरात गेल्यास मात्र उलटेच घडते. क्लथन सर्वत्र सुरू होऊन फायब्रिनोजन संपते आणि रक्त गोठेनासे होते. म्हणून सर्पदंश झालेल्या रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलंडल्यावर ते वाहिल्यास प्रतिविष देण्याची निकड ठरते.